दर्शनाचा अधिकार

दुपारचा महानैवेद्य झाला की आमच्या देवळाच्या गाभाऱ्याचा दरवाजा बंद होतो, तो चार वाजेपर्यंत उघडत नाही. हा परिपाठ आमच्या आजोबांच्या वेळेपासूनचा आहे; कदाचित त्याहूनही जुना असेल. गेल्या वैशाखात एक कुटुंब मोटारीने फार लांबून आले, तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. बरोबर एक वृद्ध बाई होत्या, दोन लहान मुले होती. कुटुंबप्रमुखांनी प्रथम विनंती केली, मग पुन्हा इकडे येणे व्हावयाचे नाही असे सांगितले, आणि शेवटी आमच्या हाती एक मोठी नोट ठेवली. खरे सांगावयाचे तर आम्ही दरवाजा उघडला असता. नोटेचा मोह मुळीच नव्हता असे आम्ही म्हणत नाही. पुजाऱ्याच्या घरची चूल दक्षिणेवरच पेटते. पण त्याहूनही त्या वृद्ध बाईंकडे पाहवेना. इतक्यात आमचे तीर्थरूप बाहेर आले. त्यांनी नोट परत केली, बाईंना ओसरीवर चटई टाकून दिली, पाणी दिले, आणि म्हणाले, "देव निजला आहे. चार वाजता उठेल. तोवर आमच्याकडे दोन घास जेवा." दरवाजा काही त्यांनी उघडला नाही, आणि मंडळीही थांबली नाहीत.

त्या रात्री आमचा तीर्थरूपांशी वाद झाला. जो सर्वसाक्षी, त्याला निद्रा कसली? आणि क्षणभर ती मोडली, तर त्याचे काय उणे होणार? तीर्थरूपांनी वादात फारसा रस घेतला नाही. "त्याचे काही उणे होत नाही, आपले होते," एवढे म्हणून ते उद्याच्या पूजेची वाती वळीत बसले. आम्हांस ते उत्तर तेव्हा पटले नाही.

त्याची आठवण होण्याचे कारण असे की, मंडळाच्या मागील बैठकीत मार्गशीर्षातील सहलीचा विषय निघाला. कणकुंबीस माउलीचे दर्शन व मलप्रभेचे उगमस्थान येथवर सर्वांचे एकमत होते. पुढे तरुण मंडळींनी सुचविले की, तसेच भीमगडच्या रानात जावे आणि बारापेड्याच्या गुहा पाहाव्या. कोणी भ्रमणध्वनीवर छायाचित्रे दाखविली. आमचेही मन मोहून गेले. आमच्या खानापूर तालुक्यात असे काही आहे, आणि आपण ते पाहिलेले नाही, याची लाजच वाटली.

ही लाज रास्त आहे. साऱ्या पृथ्वीच्या भूभागापैकी सुमारे २.४ टक्के भूमी भारताच्या वाट्यास आली आहे. परंतु नोंद झालेल्या जीवजातींपैकी सात ते आठ टक्के येथे नांदतात. त्यांतील केवढे तरी वैभव या सह्याद्रीत आहे, आणि सह्याद्री म्हणजे आमचे परसदारच. याच तालुक्याच्या डोंगरांत मलप्रभा उगम पावून पूर्वेस कृष्णेला मिळावयास निघते, आणि याच डोंगरांत म्हादई जन्म घेऊन पश्चिमेस गोमंतकात उतरते व मांडवी या नावाने पणजीजवळ सागरास भेटते. म्हादईच्या पाण्यासाठी तीन राज्यांत तंटा झाला, २०१० साली लवाद बसला, २०१८ साली निवाडा झाला, तरी भांडण मिटले नाही. पाणी कोणी किती न्यावे याचा हिशेब झाला. ते ज्या रानात मुरते, त्या रानात कोणी किती शिरावे याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडीत नाही.

बारापेड्याच्या गुहांची कीर्ती एका वटवाघळामुळे आहे. मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेने हाती घेतलेल्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीत ते या गुहेत सापडले, आणि १९१३ साली लंडनच्या ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पूर्वी मुंबई इलाख्याच्या वनखात्यात काम केलेले रॉटन म्हणून एक गृहस्थ होते, त्यांचे नाव त्यास दिले गेले. याचे कान मोठे, कपाळावर एकमेकांस जुळलेले आणि तोंडावर झुकलेले. शेपूट पंखांच्या पडद्याबाहेर मोकळे निघालेले. ऐंशीहून अधिक वर्षे साऱ्या जगात या जातीचे ठाऊक असलेले ठिकाण एकच, ते म्हणजे आमच्या तालुक्यातील ही गुहा. पुढे ते मेघालयात व कंबोडियातही आढळले, तथापि येथील त्यांची संख्या मोठी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत घातले आहे, आणि २०११ साली भीमगडचे अभयारण्य झाले.

आता प्रश्न असा की, हे सारे कळल्यावर गुहा पाहण्याची इच्छा वाढावी की कमी व्हावी? आमची तर वाढली. जे दुर्मिळ, ते आपण पाहावेच, असा मनुष्याचा स्वभाव आहे. वनखात्याची अनुमती काढून जावे, मग दोष कसला, असे बैठकीत एकाने म्हटले. पण अनुमती मिळणे आणि जाणे उचित असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. अनुमतीचा कागद वटवाघळास वाचता येत नाही. पंचवीस माणसांची पावले, विजेऱ्यांचा झोत, मुलांचा ओरडा एवढेच त्यास कळते. ते दिवसा निजते, रात्री कीटकांच्या शोधार्थ बाहेर पडते. वटवाघळाची मादी बहुधा एकाच पिल्लास जन्म देते. भर दिवसा कळप उधळला की छतास बिलगलेली पिल्ले खाली पडतात, आणि पडलेले पिल्लू बहुधा वाचत नाही.

हे आम्ही केवळ पुस्तकातून सांगत नाही. शाळेत असता आम्ही चारपाच मित्र एका धबधब्यामागील कपारीत शिरलो होतो. वाळल्या गवताची चूड पेटवली आणि वटवाघळे कशी उडतात याची मौज पाहिली. परत निघताना एकाच्या पायाशी बोटभर लांबीचा, केसही न फुटलेला जीव दिसला. त्यावरही कोणी काही विनोद केला आणि आम्ही हसलो. ते हसणे पुढे कित्येक वर्षे आमच्या ध्यानातही नव्हते.

येथे तीर्थरूपांशी झालेला वाद आम्हांस उलटा दिसू लागला. देव अविनाशी आहे. त्याची निद्रा मोडली तरी त्याचे काही जात नाही, आणि तरीही आम्ही दरवाजा बंद ठेवतो, पाहुण्यास विन्मुख धाडतो. गुहेतील जीव मर्त्य आहे. त्याची निद्रा मोडली तर त्याचे सर्वस्व जाऊ शकते, आणि तेथे आम्ही विजेऱ्या घेऊन शिरावयास निघतो. ज्याला गरज नाही त्याच्यासाठी मर्यादा, आणि ज्याला गरज आहे त्याच्यापाशी अधिकाराची भाषा, हा कोणता न्याय? आपल्या बोलण्यातही भक्त दर्शन घेतो आणि देव दर्शन देतो. घेणारा दोन हात जोडून उभा राहतो तो देणारा देईपर्यंतच. देणाऱ्याने द्यावयाचे नाकारले असता जे घेतले जाते, त्यास दर्शन म्हणता येईल असे आम्हांस वाटत नाही.

याविरुद्ध एक बोलणे आहे, आणि ते हलके नाही. जे पाहिले नाही त्यावर माणूस प्रेम करीत नाही. ज्या रानास कोणी प्रेमी नाहीत ते रान उद्या कोणाच्या तरी कामासाठी तोडले जाईल. शिवाय प्रवासी आले तर जांबोटी-कणकुंबीकडच्या चार घरांना चहा-भाकरीचे, वाटाड्याचे काम मिळते. दक्षिणेवर जगणाऱ्या आम्हांस हे नाकारता यावयाचे नाही. म्हणून रानात जाऊच नये असे आम्ही म्हणत नाही. ओढ्याकाठी बसावे, वृक्ष पाहावे, स्थानिक वाटाड्यास योग्य मोबदला द्यावा, त्याच्याच घरचे जेवण सांगावे, आपली केरकचऱ्याची पिशवी आपणच परत आणावी. (मागील सहलीच्या वेळी आपल्याच मंडळाची प्लास्टिकची द्रोण-पात्रे ओढ्यात राहिली होती, हे येथे नमूद करणे भाग आहे. त्यांत प्रसादाचा शिरा होता, एवढ्याने ती पवित्र ठरत नाहीत.) परंतु रानात जाणे वेगळे आणि रानाच्या गाभाऱ्यात जाणे वेगळे.

आणि एक गोष्ट. अभयारण्यातील तळेवाडी हे गाव उठविण्याचे ठरले. २०२५ साली तेथील कुटुंबांना भरपाईचा पहिला हप्ता देण्यात आला. ते राजीखुशीने निघाले की अस्वलांच्या भयाने, रस्ता-दवाखान्याच्या अभावाने कंटाळून निघाले, याचा निवाडा करणारे आम्ही कोण? पण रानासाठी पिढ्यान्‌पिढ्यांचे घर सोडण्यास ज्यांना सांगितले गेले, त्यांच्या रिकाम्या अंगणावरून आम्ही दोन तासांच्या करमणुकीसाठी मोटारी न्याव्या, आणि कोणी अडविले तर लांबून आल्याचे सांगावे, हे आमच्या तोंडी शोभत नाही.

बैठकीत आम्ही हे सर्व इतक्या नीट रीतीने बोललो नाही. अर्धे बोलणे घशातच राहिले. तरी बारापेडे वगळावे असे बहुमताने ठरले. सहल कणकुंबीपर्यंत जाईल. माउलीच्या देवळात अभिषेक, तेथेच एका घरी जेवण, आणि सायंकाळी दिवेलागणीपूर्वी परत. ताटे-वाट्या प्रत्येकाने घरून आणावयाच्या आहेत. गुहा नाही म्हणून दोन कुटुंबांनी नावे मागे घेतली. त्यांची आगाऊ रक्कम चिटणिसांकडून परत केली जाईल. त्यांची नाराजी आम्हांस समजते. वैशाखात न थांबता परत गेलेल्या त्या वृद्ध बाई अजून आमच्या डोळ्यांपुढून हालत नाहीत.