जरा सरकून घ्या

आमचं घर 'चेंबूर स्टेशनपासून पाच मिनिटांवर' आहे. (ही जाहिरातीतली मिनिटं, माझ्या गुडघ्यांची आठ होतात.) इमारतीत दहा बिऱ्हाडं. फाळणीनंतर चेंबूरच्या छावणीत आलेल्या सिंध्यांची मुलंनातवंडं, तमिळ, पंजाबी, गुजराती आणि आम्ही. रविवारी जिना चढताना सांबार, छोले आणि आमचं पिठलं एकाच दमात नाकात शिरतं. पाहुण्यांना मी छाती फुगवून सांगतो, "आमची सोसायटी म्हणजे छोटा हिंदुस्थान!"

हा मोठेपणा मी हार्बरच्या लोकलमध्ये शिकलो. बाक तिघांचा. चौथा येतो, "जरा सरकून घ्या" म्हणतो आणि तिघं सरकतात. त्याचं आडनाव कुणी विचारत नाही. माझं चौथ्या सीटवरचं अर्धं बूड दोन वर्षं एका तरुणाच्या भरवशावर आहे. मूळचा रत्नागिरीचा, गोवंडीहून बसून येतो. एकदा मला घेरी आली तेव्हा अख्खी जागा देऊन दादरपर्यंत—चुकलो, वडाळ्यापर्यंत—उभा राहिला.

त्याने आमच्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घ्यायचं ठरवलं. कमिटीत अर्ज आला. नाव वाचून झालं आणि बराच वेळ फक्त पंखा बोलत होता. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचं कलम २३ म्हणतं की, पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. तेव्हा सगळे कारण शोधू लागले. "आमचं तसं काही नाही हो, पण टाकीला पाणी पुरेल का?" असं म्हणून सर्वांनी माझ्याकडे, म्हणजे खजिनदाराकडे पाहिलं.

त्या फ्लॅटमध्ये आजवर सात माणसं होती. हे येणार तिघं. सातातून तीन वजा केले तर पाणी उरतं, एवढं बी.कॉम.पर्यंत शिकवतात. मी हिशेबाची वही चाळत बसलो. विषय पुढच्या सभेवर गेला.

तेव्हापासून विचार करतोय, गाडीत आपण उदार असतो की नुसते नाइलाजाने सरकतो? उतरायचं स्टेशन ठरलेलं असलं, की माणुसकी स्वस्तात पडते. घरातून कुणी कुर्ल्याला उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुढच्या डब्याकडे निघालो. त्याने खिडकीतून पाहिलंच. "काका, इकडे या!" म्हणत सरकला. बसलो.

"कमिटीचं काही कळलं का?"

चुनाभट्टी गेली तरी मी बाहेरच बघत होतो. शेवटी पुटपुटलो, "पाण्याचा जरा..."

गाडीच्या खडखडाटात त्याला तेवढंच ऐकू गेलं असावं. त्याने पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरली.