तळ्याकाठचा माणूस आणि मिरजेहून आलेला फोन

आजचं वाचन: योहान ५:१-१६ (प्रायश्चित्तकाळ, चौथा आठवडा, मंगळवार)



आजच्या शुभवर्तमानात बेथेस्दाचं तळं आहे. त्याच्या पाच पडव्यांमध्ये आंधळे, लंगडे, लुळे पडून आहेत. पाणी हललं की जो आधी उतरेल तो बरा होतो, अशी सगळ्यांची आशा. त्या गर्दीत एक माणूस ३८ वर्षं आजारी आहे. येशू त्याला विचारतो, तुला बरं व्हायचंय का? खरं तर हो की नाही, एवढंच सांगायचं होतं. पण तो आपल्या पायांबद्दल, दुखण्याबद्दल चकार शब्द काढत नाही. तो सांगतो की पाणी हलतं तेव्हा त्याला उचलून आत सोडणारं कुणी नाही. ३८ वर्षांच्या आजारात त्याची पहिली तक्रार ही!

यंदा मी या उत्तरापाशीच अडकलोय. कारण गेल्या आठवड्यात मिरजेहून एक फोन आला.

सांगली-साताऱ्याच्या लोकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: आमच्याकडे दुखणं हाताबाहेर गेलं की माणसाला मिरजेला नेतात. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं (ते प्रेस्बिटेरियन, आपल्या पंथाचे नव्हेत, पण देवाचं काम पंथ विचारून थांबत नाही). आता ते गावच दवाखान्यांचं झालंय.

फोन शाळेतल्या मैत्रिणीचा होता. तिच्या पप्पांना कॅन्सर आहे, पसरलेला. केमो झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आणखी दिली तर फार तर काही आठवडे मिळतील, आणि तेही उलट्या आणि सलाईनमध्येच जातील. पप्पा म्हणतात, पुरे झालं, मला घरी न्या. काका म्हणतात, ख्रिस्ती माणसाने असा जीव सोडून द्यायचा नसतो, आयुष्य देवाचं आहे, शेवटपर्यंत लढायचं. तिचा प्रश्न सरळ होता. "घरी नेलं तर आपणच त्यांना मारल्यासारखं होईल का रे? पाप लागेल?"

मी फादर नाही, कोड लिहून पोट भरतो. म्हणून तिला आधी तिच्या धर्मग्रामाच्या फादरांशी बोलायला सांगितलं. पण कॅटेकिझममध्ये जे छापलेलं आहे ते सांगायला फादर असावं लागत नाही. परिच्छेद २२७६ ते २२७९. अर्धं पानसुद्धा नाही, आणि आजारी माणूस घरात असलेल्या प्रत्येकाने ते वाचावं असं माझं मत आहे.

त्यात काकांचं म्हणणं आहे आणि पप्पांचंही. माणूस कितीही आजारी असो, त्याचा जीव मुद्दाम घेणं, मग ते दयेपोटी दिलेलं इंजेक्शन का असेना, हे कधीच योग्य नाही. पण जे उपचार फार जड आहेत, धोक्याचे आहेत, किंवा ज्यांच्यातून मिळणारा फायदा त्या त्रासाच्या मानाने काहीच नाही, ते थांबवता येतात. तिथे आपण मरण घडवत नाही, ते अडवता येत नाही हे मान्य करतो. निर्णय शक्यतो रुग्णाने स्वतः घ्यायचा. वेदना कमी करणारी औषधं द्यायला चर्चची हरकत नाही, त्यांनी आयुष्य थोडं कमी होण्याचा धोका असला तरी, फक्त जीव घेणं हा हेतू नको. आणि नेहमीची शुश्रूषा कोणत्याही कारणाने बंद करायची नाही. अंग पुसणं, कूस बदलणं, घोट घोट पाणी पाजणं. उपचार थांबू शकतात, शुश्रूषा थांबत नाही.

म्हणजे पप्पांना घरी नेणं पाप नाही. घरी नेऊन मागच्या खोलीत एकटं ठेवलं, तर मात्र विचार करावा लागेल.

शुश्रूषा म्हणजे काय हे महाराष्ट्राने एका वॉर्डात बघितलं आहे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या परिचारिका अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर तिथेच क्रूर हल्ला झाला आणि त्या पुन्हा शुद्धीवर अशा आल्याच नाहीत. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेल्या. मधली ४१ वर्षं केईएमच्या नर्सनी त्यांना भरवलं, धुतलं, कुशीवर वळवलं. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली. पिंकी विराणी यांनी त्यांच्या सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, तोही कळवळ्यापोटीच. ७ मार्च २०११ ला तो नामंजूर झाला. कोर्टाने नर्सचं म्हणणं ऐकलं, आणि नर्सना त्या हव्या होत्या.  तळ्याकाठच्या त्या माणसाला ३८ वर्षांत जे मिळालं नाही, ते यांनी एका बाईला ४१ वर्षं दिलं.

त्याच निकालाने कडक अटींवर उपचार काढून घ्यायला वाट दिली. ९ मार्च २०१८ ला घटनापीठाने ती पक्की केली आणि आपली इच्छा आधी लिहून ठेवायचा हक्क दिला. २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी झाली, आता नोटरीपुढे करता येतं. असं पत्र करायला हरकत नाही, पण लिहिताना एक लक्षात ठेवा. नळीतून दिलेलं अन्न-पाणी हा चर्चच्या दृष्टीने उपचार नाही, शरीर ते घेऊ शकतं तोवर ती साधी शुश्रूषाच आहे. त्यामुळे कायद्याने जे चालतं ते सगळं आपल्याला चालेलच असं नाही.

आमच्या कामात एखादा बग दुरुस्त होणार नसेल तर तिकिटावर 'वोन्ट फिक्स' लिहून ते बंद करतात. दवाखान्याच्या कॉरिडॉरमधलं "आता काही करण्यासारखं नाही" हे वाक्य मला तसंच वाटतं. पाचगणीला कधी गेलात तर बेल एअर हॉस्पिटल बघा. १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरिया यांनी ते क्षयरोग्यांसाठी काढलं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये! म्हणजे पहिली तीसेक वर्षं तिथे क्षयावर औषधच नव्हतं. हवा, दूध, सकस जेवण, विश्रांती आणि जवळ माणसं, एवढंच. पुढे ते रेड क्रॉसकडे गेलं, आणि १९९० च्या दशकात कॅथोलिक फादरांनी ते चालवायला घेतलं. तेव्हा नवा आजार आला होता. ऊसपट्ट्यात, ट्रकच्या रस्त्यांवर एचआयव्ही पसरला होता, आमचा सांगली जिल्हा त्यात पुढे होता. घरचे ताट वेगळं करत, अंगाला हात लावत नसत. औषधं होती, पण गरिबाच्या आवाक्यात नव्हती. बेल एअरने या लोकांना आत घेतलं. सरकारी दवाखान्यांत मोफत औषध सुरू झालं एप्रिल २००४ मध्ये. ज्यांना तोवर कुणीतरी जगवून ठेवलं, त्यांच्यापर्यंतच ते पोहोचू शकलं.

आता आपलं. आपल्यातले बरेच जण पुण्यात, बेंगळुरूत, आई-वडील गावी. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतात, पैसे यूपीआयने जातात. ते करावंच लागतं. पण रजा साठवून ठेवतो ती तेराव्या-चौदाव्या दिवसासाठी नको, आधी घ्या. आणि फादरांना बोलवायला 'शेवटची वेळ' येऊ देऊ नका. आजाऱ्याचा तैलाभ्यंग हा मरणाऱ्याचाच संस्कार आहे ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की फादर तेल घेऊन आले की घरात रडारड सुरू होते. याकोबाच्या पत्राचा ५ वा अध्याय काढून बघा, तिथे नुसतं आजारी माणसाबद्दल लिहिलंय. मोठ्या ऑपरेशनच्या आधीही तो घेता येतो, आणि दुखणं वाढलं तर पुन्हाही. आमच्या भागात चर्च लांब लांब आहेत, एकेका फादरांकडे कितीतरी गावं. नंबर आजच सेव्ह करा.

प्रार्थना: प्रभू येशू, आज रात्री आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलेल्यांना थोडी झोप दे. ज्यांच्या खाटेशेजारी कुणी नाही त्यांच्याकडे तू जा, आणि आमच्यापैकी कुणाला तरी तिथे पाठव. आमेन.