राग विझल्यावरची पानं

कादंबरीचा पहिला खर्डा निम्म्यावर आलाय आणि लिहिणाऱ्याचा उत्साह संपलाय. अशा वेळी त्यानं खर्डा पुरा करावा की सोडून द्यावा? लोक म्हणतात, हा ज्याच्या त्याच्या सवडीचा प्रश्न. मी म्हणतो, हा नीतीचा प्रश्न आहे. निदान आपल्यासारख्यांच्या बाबतीत तरी आहेच.

माझाच खर्डा घ्या. १९५६ नंतरचं एक गाव. धर्मांतर झालंय. वाड्यातल्या माणसांनी मेलेली ढोरं ओढायचं बंद केलंय आणि गावानं बहिष्कार टाकलाय. किराणा बंद, गिरणी बंद, रानातलं काम बंद, पाण्याची वाट बंद. धुरपदा नावाची विधवा बाई या सगळ्याच्या मध्यभागी. पहिली एकशेचाळीस पानं मी चार महिन्यांत लिहिली. हात थांबत नव्हता. रागच तेवढा होता. एकशेचाळिसाव्या पानावर धुरपदाला मारहाण होते, घागर फुटते आणि ती वाटेवर बसून राहते. तिथं माझा उत्साह संपला. वही उघडली की जांभई यायची.

दोस्त म्हणाले, सोड. आतून येत नाही ते लिहू नये, ओढूनताणून लिहिलेलं खोटं असतं. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. दलित साहित्य उभं राहिलं तेच भोगलेल्याच्या खरेपणावर आणि चिडीवर. सहानुभूतीच्या नावाखाली आपल्या झोपड्या रंगवणारे लेखक आपण पुष्कळ पाहिलेत. तेव्हा आत धग नसताना लिहिणं ही लबाडी नाही काय, हा सवाल रास्तच आहे.

पण राग कुठपर्यंत पुरतो तेही बघा. कवितेला तो पुरतो, कविता एका रात्रीत होऊ शकते. कादंबरीला वर्ष लागतं, दोन लागतात. दोन वर्षं सलग चिडून राहिलेला माणूस वेडा होईल. आणि राग नेमका कुठं संपतो? जुलूम सांगून झाला की संपतो. धुरपदाला मारलं, हे माझी चीड मला सांगत होती. मार खाऊन ती उठली कशी, त्या रात्री तिनं काय रांधलं, कुणाशी भांडली, पोराला शाळेत धाडलं की गुरांमागं, हे चीड सांगत नाही. त्याला ती बाई ठाऊक असावी लागते.

समजा, मी तिला वाटेवरच सोडलं. मग ती कायमची मार खाल्लेली बाई राहील. गावानं तिला तेवढंच ठेवलं होतं. मीही तेवढंच ठेवायचं? इथं प्रश्न नीतीचा होतो. लिहिणाऱ्याचा जोर जुलमापर्यंतच टिकला तर त्याच्या अर्धवट खर्ड्यात माणसं मार खाऊन पडलेलीच सापडणार. त्यांचं पुढचं शहाणपण, त्यांच्या चुका, त्यांचं हसणं, सगळं न लिहिलेल्या पानांत राहून जातं.

मी उत्साहाची वाट बघत बसलो नाही. वाड्यातल्या म्हाताऱ्यांकडं गेलो. बहिष्कारात खाल्लं काय, विचारलं. “तरोट्याची भाजी, आन् काय रं बाबा!” म्हणून एक आजी हसायलाच लागली. मीठमिरचीला तीन कोसांवरच्या बाजारला चालत जायच्या. गिरणी बंद, पण एका घरी जातं होतं. साऱ्या आळीचं दळण त्यावर. रांग लागायची, रांगेवरून कडाक्याची भांडणं व्हायची, आणि भांडलेल्या बायकाच रात्री एकमेकींच्या पोरांना भाकर द्यायच्या. हे मला रागानं जन्मात सांगितलं नसतं. आता रोज एक पान लिहितो. बरीच पानं रद्दड आहेत. असू देत.

खर्डा असतो कशासाठी? घटनेची मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ ला नेमली गेली. सात जणांतल्या एकानं राजीनामा दिला, एक वारला, एक अमेरिकेत गेला, काही दिल्लीपासून लांब राहिले. ओझं शेवटी बाबासाहेबांवर पडलं, हे टी. टी. कृष्णमाचारींनी ५ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत सांगितलं. वर बाबासाहेबांची तब्येत ढासळलेली. तरी फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा पुरा झाला. त्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २,४७३ मांडल्या गेल्या. कादंबरी आणि घटना यांतलं अंतर मला कळतं. पण दुरुस्ती करायची तर आधी मसुदा पुरा हातात लागतो, हे दोन्हीकडं सारखंच.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांचंही लिखाण अपुरं राहिलं की. राहिलं. क्रांती आणि प्रतिक्रांतीवरचं त्यांचं हस्तलिखित १९८७ मध्ये सरकारनं छापलं ते अपुरंच. पण ते कंटाळून टाकलेलं नव्हतं, आयुष्यच अपुरं पडलं. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही ते बुद्धावरच्या ग्रंथाची प्रस्तावना तपासत होते. मरणानं हात धरणं वेगळं आणि आपण होऊन उठून जाणं वेगळं.

एक सूट मात्र मी मानतो. उत्साह जाणं आणि भरवसा जाणं या दोन गोष्टी आहेत. लिहितोय ते खोटं आहे, त्यानं आपल्याच माणसांवर अन्याय होतोय, असं दिसलं तर वही मिटावी. तिथं पुरं करणं हाच गुन्हा. पण गोष्ट खरी आहे आणि फक्त मला कंटाळा आलाय, तर कंटाळ्याला तत्त्वाचं नाव देऊ नये.

तुम्ही कार्यकर्ते. हे तुम्हाला कागदाबाहेरही ठाऊक आहे. अत्याचार झाला की पहिल्या मोर्चाला मैदान भरतं. तिसऱ्या वर्षी कोर्टाच्या तारखेला साक्षीदाराबरोबर एसटीत कोण बसतं? एकटा पडलेला साक्षीदार फितूर होतो, मग आपण त्यालाच शिव्या घालतो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधली साडेपंधरा वर्षं सगळ्यांच्या छातीत रोज जाळ पेटलेला नव्हता. पोटापाण्याची कामं होती, फाटाफूट होती, कंटाळाही असणार. तरी माणसं मागणीवरून हटली नाहीत.

ज्यांच्या वह्या निम्म्यावर अडल्यात त्यांना एवढंच सांगणं आहे. नवी वही विकत घेण्याआधी जुन्या वहीचं शेवटचं पान वाचा. आपलं माणूस आपण कुठं बसवून आलोय ते बघा. मग काय ते ठरवा.