वजन कशावर?

दवाखान्याच्या व्हरांड्यात एक आई एकच वाक्य घोकत होती, “मी त्याला रात्री गाडीवर पाठवलं नसतं तर अपघात झाला नसता.” मी शेजारच्या बाकावर होते. आधी तिचा आवाज ‘रात्री’वर चढायचा. तासाभराने तो ‘मी’वर येऊन थांबला. शब्द तेच, पण आता दोष वेळेचा नव्हता, तिचा होता.

जे घडलं नाही त्याबद्दल बोलताना आपण मनात एकच गोष्ट बदलतो, बाकी सगळं जागच्या जागी ठेवतो. बदलायचं काय, हे आघात सांगतो.

आपलं जुनं दुखणंच घ्या. ‘भाऊ पानिपतावर लढले नसते तर फौज वाचली असती.’ वजन ‘भाऊ’वर दिलं, तर त्यांच्या जागी कदाचित १७५८ साली अटकेच्या मोहिमेवर गेलेले रघुनाथराव उभे राहतात, पण रसद तुटलेली, माणसं-जनावरं उपाशी, तसंच राहतं. मग वाक्य खरं मानायला मन धजत नाही. वजन ‘पानिपतावर’ दिलं, की त्याच भाऊंना रसदीची वाट मोकळी असलेलं दुसरं रणांगण मिळतं आणि वाक्यात जीव येतो. ‘लढलेच नसते’ म्हटलं, की शुजाउद्दौल्याच्या मध्यस्थीने चाललेली तहाची बोलणी आठवतात. पानिपतावरचे कितीतरी वाद मला या तीन वजनांचे वाटतात. भांडणारे एकच वाक्य बोलतात आणि वेगवेगळ्या गोष्टी बदलतात.

अमेरिकी तत्त्वज्ञ फ्रेड ड्रेट्स्की यांनी १९७२ साली हे नेमकं पकडलं. त्यांच्या उदाहरणातल्या क्लाइडला वारसा मिळवण्यासाठी लग्न करणं भाग आहे. तो बर्थाशी करतो. ‘बर्थाशी’वर जोर देऊन ‘त्याने बर्थाशी लग्न केलं नसतं तर’ म्हटलं, तर त्याने दुसरी कोणी पाहिली असती, वारसा मिळालाच असता. जोर ‘लग्न’वर गेला, की वारसा गेला.

मराठीत हा जोर ‘च’ पुष्कळदा कागदावर उतरवतो. बाकीचा आवाजातच राहतो, आणि छापताना हरवतो.

त्या आईने ‘मी’वर वजन दिलं, तेव्हा रात्र तीच राहिली, गाडी तीच, रस्ता तोच. बदलली फक्त पाठवणारी. म्हणजे तिचं वाक्य खोटं होतं. मला ते कळत होतं, पण परक्या बाईला कसं सांगावं?

तिची धाकटी जाऊ चहा घेऊन आली. ऐकून म्हणाली, “ताई, अण्णांचं औषध संपलं होतं. तुम्ही नसतं पाठवलं, तर मी पाठवलं असतं.”