तक्रार येण्याआधी

डिंभ्याला पाऊस मोठा. इथलं घोडनदीवरचं धरण, हुतात्मा बाबू गेनू सागर, आंबेगाव-जुन्नरच्या शेतीचा मोठा आधार. पावसाळा तोंडावर आला की धरणाची पाहणी होते. दरवाजे नीट चालतात का, कुठे पाझर वाढलाय का, हे माणसं जाऊन बघतात. धरण स्वतःहून काही सांगत नाही, म्हणून वेळेवर बघावं लागतं.

म्हातारी माणसंही सहसा सांगत नाहीत. नळ जड झालेला असतो, मोरीच्या कडेला शेवाळ धरलेलं असतं, रात्रीचा दिवा गेलेला असतो. “कशाला उगाच त्रास द्यायचा?” म्हणत आजी भिंतीला हात लावून चालत राहतात. वृद्धाश्रमात तर हा संकोच आणखी वाढतो. मग एखाद्या दिवशी ओल्या फरशीवर पाय सरकतो, खुब्याचं हाड मोडतं आणि हिंडतं-फिरतं माणूस अंथरुणाला खिळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडल्यामुळे दगावतात. त्यांत सर्वाधिक साठीच्या पुढची.

यावरचे उपाय अगदी साधे आहेत. अंघोळ झाली की फरशी पुसून कोरडी करावी. शेवाळ दिसलं की त्याच दिवशी खराट्यानं घासावं. टॉवेलची दांडी माणसाचा भार पेलत नाही. आधाराची दांडी वेगळी, भिंतीत पक्की बसवलेली हवी. मोरीच्या दाराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी. पलंगापासून संडासापर्यंत रात्री मंद उजेड असावा आणि वाटेत पायपुसणं गोळा झालेलं नसावं. ही कामं एकदा करून संपत नाहीत. दांडी ढिली होते, बल्ब जातो, शेवाळ पुन्हा धरतं. म्हणून रोज दोन मिनिटं बघण्याची सवय लावून घ्यावी लागते. वृद्धाश्रमात ही सवय जपणाऱ्या मावशी-मामांचं काम नर्सच्या कामाइतकंच मोलाचं आहे.

आज कामाला निघण्याआधी घरातल्या थोरल्यांच्या खोलीत आणि मोरीत एकदा डोकावून या. दांडी हातानं हलवून बघा, दिवा लावून बघा. जे ढिलं, ओलं किंवा अंधारं दिसेल, त्यातलं एक तरी आजच नीट करा. आपल्या गरजेची गोष्ट त्यांना मागावी लागू नये, यात त्यांची सुरक्षितता आहे आणि त्यांचा मानही.