मागच्या गाडीतला रुक्मी

॥ श्रीराम समर्थ ॥



गुरुपौर्णिमा तोंडावर आली आहे. धार, देवास, इंदूर, महू, बडवानी आणि यंदा बडोद्याहूनही मंडळी उत्सवासाठी अमझेऱ्याला निघतील. दरवर्षी या दिवसांत आपण गुरुमहिमा, नामस्मरण, गुरुचरित्राचा सप्ताह यांवर लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे: महामार्गावरचं आपलं वागणं. कुणी म्हणेल, हा तर आरटीओचा विषय, सत्संगाचा कुठला? पण जरा थांबा. हातात माळ असते, समोर समई तेवत असते, तेव्हा मन शांत ठेवणं सोपं. मागून एखादी गाडी येऊन आपल्या डिकीला चिकटते, डिपर मारते, हॉर्नवरचा हात काढत नाही, तेव्हा त्याच मनाची खरी परीक्षा होते. आणि पुढचा बाजूला होत नाही म्हणून आपणच त्याच्या मागे चिकटतो, तेव्हा तर जास्तच.

*अमझेऱ्याची कथा*

आपलं अमझेरा हे रथाच्या कथेचं गाव. अमका-झमका देवीच्या देवळातून भगवंतांनी रुक्मिणीमातेला रथात घेतलं, अशी इथल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. विदर्भात अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी कौंडण्यपूर आहे, तिथली मंडळीही आपल्या गावाबद्दल हेच सांगतात. त्या वादात आपण पडायचं नाही. आईचं माहेर दोन गावांना आपलं वाटतं, यात आनंदच आहे.

रुक्मिणीस्वयंवराचं पारायण आपल्यापैकी बहुतेकींनी लग्नाआधी केलेलं असतं. पत्र, देवीदर्शन, हरण हे सगळं आपल्याला पाठ असतं. त्यानंतरच्या पाठलागाकडे मात्र आपलं फारसं लक्ष जात नाही.

भागवताच्या दशम स्कंधात तो पाठलाग सविस्तर आला आहे. रथ निघाल्यावर जरासंध आणि त्याच्या बाजूचे राजे मागे लागले. यादवसेनेनं त्यांना अडवलं, त्यांचा पराभव झाला. तेव्हा जरासंध मागे फिरला. एवढंच नाही, तर निराश झालेल्या शिशुपालाची त्यानं समजूत घातली की जय-पराजय काळाच्या हातात असतो, आता घरी चल. जरासंध काही संत नव्हता, पण कुठे थांबायचं ते त्या दिवशी त्याला कळलं.

रुक्मी मात्र फिरला नाही. रुक्मिणीचा हा थोरला भाऊ. त्यानं सगळ्या राजांसमोर प्रतिज्ञा केली की कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याशिवाय मी कुंडिनपुरात पाऊल टाकणार नाही. सारथ्याला म्हणाला, घोडे पिटाळ, त्या रथाला गाठ. शेवट आपल्याला माहीत आहे. घोडे गेले, सारथी गेला, धनुष्य तुटलं. भगवंतांनी तलवार उचलली तेव्हा रुक्मिणीमाता पायाशी पडली आणि तिनं भावाचे प्राण मागितले. भगवंतांनी त्याला मारलं नाही. वस्त्रानं बांधून, केस-मिशा भादरून तसाच ठेवला. पुढे बलरामदादा आले, त्यांनी त्याला सोडवलं आणि धाकट्या भावालाच बोल लावला, की आप्ताला असं विद्रूप करणं म्हणजे त्याला मारल्यासारखंच आहे.

रुक्मी जिवंत सुटला, पण प्रतिज्ञा अंगावर होती. कुंडिनपुरात परत जाणार कसा? शेवटी भोजकट नावाचं वेगळं गाव वसवून तो तिथेच राहिला. *रागानं पाठलागाला निघालेला माणूस जगला, पण आपल्या घरी परतला नाही.* आजच्या विषयाचं सार या एका वाक्यात आहे.

*आजचे रथ*

आज रस्त्यावर रुक्मी पुष्कळ आहेत. प्रतिज्ञा कुणी उघड करत नाही, पण मनात चालू असतं, “मला कट मारून गेला? आता याला सोडत नाही.” शंभर मीटर मागे असलेली गाडी दहा मीटरवर येते. पुढचा माणूस कोण, कुठल्या घाईत, गाडीत आजारी कुणी आहे का, हे ठाऊक नसतं. ठाऊक असतो फक्त आपला अपमान.

थोडा हिशोब करूया. ताशी 80 किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. पुढे काहीतरी झालं हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक दाबायच्या आधीच गाडी साधारण 30 मीटर पुढे गेलेली असते, आणि दाबल्यावर थांबायला आणखी तेवढं तरी अंतर लागतंच. दहा मीटरवर चिकटलेल्याच्या हातात मग काय उरतं? गाडी कितीही महाग असो, चालवणारा कितीही पटाईत असो, हा हिशोब बदलत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि 1,68,491 माणसं गेली. धडकेच्या प्रकारांमध्ये मागून बसलेली धडक सर्वांत वर आहे. म्हणजे अंतर न राखल्यानं किंवा वेळेत थांबता न आल्यानं जाणारी माणसं थोडीथोडकी नाहीत.

आणि हे सगळं कशासाठी? धार ते इंदूर साधारण 60 किलोमीटर धरा. 80 च्या वेगानं 45 मिनिटं, 90 च्या वेगानं 40. तो वेग पूर्ण रस्ताभर मिळाला तरी मिळकत पाच मिनिटांची.

*लगाम कुणाच्या हातात?*

कठोपनिषदात शरीराला रथ म्हटलं आहे. इंद्रियं हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी सारथी. सद्गुरूंच्या प्रवचनात हा दृष्टांत आपण कितीदा तरी ऐकला असेल. आता तो गाडीत बसून आठवून पाहा. मागच्यानं हॉर्न वाजवला आणि आपण चिडलो. त्याला धडा शिकवायला मुद्दाम ब्रेक मारला, किंवा हट्टानं उजवी लेन अडवून बसलो. त्या क्षणी आपला लगाम कुणाच्या हातात गेला? ज्याचं नावही ठाऊक नाही अशा माणसाच्या! एरवी घराची किल्ली आपण शेजारणीलाही दहादा विचार करून देतो.

काही बंधू म्हणतात, “आम्ही नियमाच्या वेगानं चाललो आहोत, मग बाजूला का व्हायचं?” प्रश्न बरोबर वाटतो, पण उजवी लेन ही पुढे जाण्यासाठी आहे. पुढे जायचं, आणि जागा झाली की डावीकडे परत यायचं. तिथे मुक्काम करायचा नाही. मागच्याचा वेग तपासायला पोलीस आहेत, कॅमेरे आहेत. ते काम आपल्याकडे कुणी सोपवलेलं नाही.

आषाढी वारीत दिंड्यांना क्रमांक असतात. काही रथाच्या पुढे, काही मागे. मागच्या दिंडीला वाटत नाही की पुढे असलेल्यांना पांडुरंग आधी भेटणार, म्हणून आपण त्यांना रेटावं. ज्याची जागा त्याला, आणि दोघांच्या मधे टाळ वाजवायला, पाऊल टाकायला मोकळीक. महामार्गावरचं अंतर हीसुद्धा अशीच मोकळीक आहे. ती आपण दुसऱ्याला देतो आणि तीच आपल्यालाही वाचवते.

*नामानं मोजलेलं अंतर*

किती अंतर ठेवावं यासाठी टेप लागत नाही. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून किंवा किलोमीटरच्या दगडाजवळून गेली की तेरा अक्षरी राममंत्र सावकाश एकदा म्हणायला सुरुवात करा. साधारण तीन सेकंद लागतात. मंत्र पूर्ण व्हायच्या आत आपण त्या खांबापाशी पोचलो, तर फार जवळ आहोत. पाय सैल करायचा. पावसात रस्ता ओला असतो, म्हणून मंत्र दोनदा. गुरुपौर्णिमा आषाढातली, तेव्हा यंदा दोनदाच धरून चालू. पुढे ट्रक किंवा डंपर असेल तरी दोनदा, कारण त्याच्या पलीकडचं आपल्याला काही दिसत नाही. नाम होतं आणि अंतरही राहतं.

मागून कुणी चिकटलंच, तर घाबरून वेग वाढवायचा नाही आणि एकदम ब्रेकही मारायचा नाही. आपल्या पुढचं अंतर हळूहळू वाढवायचं, म्हणजे आपल्याला अचानक थांबावं लागत नाही आणि मागचाही वाचतो. मग डावा इंडिकेटर, डावी लेन, आणि त्याला जाऊ द्यायचं. जाताना काच खाली करून बोलायचं नाही, रोखून बघायचं नाही. तो रागानं पाठ सोडत नसेल, तर सुनसान जागी गाडी उभी करू नका, घराच्या गल्लीतही नेऊ नका. टोल नाका, पेट्रोल पंप किंवा पोलीस ठाणं, जिथे माणसं आहेत तिथे थांबा आणि 112 लावा. राष्ट्रीय महामार्गावर अपघात किंवा गाडी बंद पडली तर 1033 ही मदतवाहिनी आहे. गाडी चालवणाऱ्या सुना-लेकींना हे दोन्ही नंबर जरूर सांगून ठेवा.

आपल्या माळव्याच्या रस्त्यांचं आणखी एक आहे. सोयाबीन आणि गव्हाच्या दिवसांत ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात, कित्येकींना मागे दिवा नसतो. पीथमपूरकडचे कंटेनर असतात. आग्रा-मुंबई रस्त्यावरचा गणपती घाट तर धार जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या उतारावर अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन किती घरं उजाड झाली! शेवटी उतरणीसाठी निराळा रस्ता काढावा लागला. घाटात भरलेल्या ट्रकच्या अगदी पुढे किंवा अगदी मागे राहायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

*घाई कोण लावतं?*

हे भगिनींसाठी. चालवणारा बऱ्याचदा स्वतःहून घाई करत नाही, ती त्याला घरातून मिळते. “आरती सुटेल, जरा दामटा ना.” “कुठे पोचलात?” म्हणून दर दहा मिनिटांनी फोन. आरती चुकली म्हणून सद्गुरू रुसत नाहीत. आपण त्यांच्या दारात धडधाकट पोचावं, हीच त्यांची इच्छा असणार. म्हणून स्वयंपाकाच्या सेवेतल्या आम्ही भगिनींनी ठरवलं आहे: यंदा महाप्रसादाची पहिली पंगत साडेअकराऐवजी साडेबाराला बसेल, आणि शेवटची गाडी येईपर्यंत चुली चालू राहतील. कढी गरमच मिळेल, काळजी नसावी.

*या गुरुपौर्णिमेचे संकल्प*

1. गाड्यांनी साखळी करून यायचं नाही. पुढची गाडी चुकू नये म्हणून मागची चिकटते, आणि तिच्यामागे तिसरी. भेटण्याची ठिकाणं आधी ठरवा, प्रत्येकानं आपापल्या वेगानं या. लोकेशन पाठवायचं काम शेजारी बसणाऱ्याचं.

2. डावी लेन आपली; उजवी फक्त पुढे जाण्यापुरती.

3. अंतर राममंत्राचं. पावसात दोनदा.

4. महामार्ग सोडून अमझेऱ्याकडे वळताना बऱ्याच आधी इंडिकेटर द्या आणि वेग हळूहळू कमी करा.

5. सोयाबीन निघण्याआधी आपल्या गटातर्फे ट्रॉल्यांना मागून लाल चमकपट्टी लावण्याची सेवा करायची आहे. एका ट्रॉलीला दहा मिनिटं पुरतात. ज्यांना यायचं आहे त्यांनी गटात नाव द्यावं.

आपल्या बहुतेकांच्या गाडीच्या मागच्या काचेवर सद्गुरूंचं नाव लिहिलेलं आहे. आपण कट मारून पुढे गेलो की मागच्याला पहिलं तेच नाव दिसतं. त्याच्या मनात त्या नावाबद्दल काय उमटावं, हे आपल्या पायाखाली आहे.

शेवटी पुन्हा रुक्मिणीमातेकडे येऊ. ज्यानं तिच्या लग्नात विघ्न आणलं, तिच्या रथावर बाण सोडले, त्याच्यासाठी तिनं पदर पसरला, कारण तो तिचा भाऊ होता. मागून चिकटून हॉर्न वाजवणाराही कुणा बहिणीचा भाऊ आहे. ती घरी वाट बघत असेल. आपण डावीकडे होऊन त्याला वाट दिली, तर तो आपल्यामुळे अडखळणार नाही, आणि कदाचित रात्री आपल्या घरी जेवायला बसेल. अमझेऱ्याच्या देवीच्या दारी येणाऱ्यांनी एवढं तरी करावं.

सद्गुरू सर्वांना सुखरूप आणोत आणि सुखरूप घरी पोचवोत, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना. 🙏

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥

— आपल्या सेवेकरी भगिनी, अमझेरा