घरातील मारहाण व वाडवडिलांची रीत

एखाद्या समाजात पुरुष आपल्या स्त्रियांवर हात टाकीत असतील, तर त्या समाजाची जुनी रीत मोडावी, की त्याच रीतीचा आधार घेऊन तो हात धरावा? ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांमध्ये हा प्रश्न फार निकडीने पुढे आला आहे, म्हणून तेथील हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

दुखणे लहान नाही. तेथील सरकारी आकड्यांप्रमाणे 2014-15 साली घरच्या मारहाणीमुळे इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण मूळ रहिवासी स्त्रियांत इतर स्त्रियांच्या 32 पट होते. हे ऐकून कोणी म्हणेल, 'त्या लोकांची चालच तशी.' खेदाची गोष्ट ही की, मारणाराही कधी कधी हेच म्हणतो, 'ही आमची चाल आहे.' त्यांच्यापैकीच एक मान्यवर पुढारी मिक डॉडसन ह्यांनी 2003 साली जाहीर भाषणात हे साफ नाकारले. जुन्या रीतीत भाल्याचा दंड होता, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु तो दंड चारचौघांदेखत, आप्तांच्या संमतीने व ठरलेल्या मर्यादेत होत असे. रात्री दारूच्या धुंदीत बायकोच्या तोंडावर मारलेल्या बुक्कीस त्या रीतीत जागा नाही.

मग हे आले कोठून? जमिनी गेल्या, दारू आली, आणि सुमारे 1910 पासून 1970 पर्यंत मुले आईबापांपासून हिसकावून नेण्यात आली. 1997 च्या चौकशीच्या अहवालाप्रमाणे दहांत एक ते तिघांत एक मूल असे नेले गेले. ह्या मुलांना ज्या वसतिगृहांत ठेविले त्यांपैकी कित्येक मिशनांची होती, हे आम्हांस सांगितलेच पाहिजे. ज्याने आईबापांचे घर पाहिलेच नाही, त्याने घर कसे चालवावे हे कोठे शिकावे? तथापि कारण सांगणे निराळे व क्षमा करणे निराळे. ज्याचा बाप लहानपणी नेला गेला, त्याच्या बायकोचे मोडलेले हाड तेवढ्याने कमी दुखत नाही.

कोणी म्हणेल, पोलिसांस बोलवावे. आमचेही मत असे की, कायद्याचा दरवाजा उघडा असलाच पाहिजे. पण त्या स्त्रियांस तो दरवाजा कसा दिसतो हे पाहा. पोलीस आले म्हणजे मुले नेतील, ही धास्ती आजीपासून नातीपर्यंत चालत आली आहे. 2014 साली साउथ हेडलंड गावी घरच्या मारहाणीच्या तक्रारीवरून पोलीस आले, आणि न भरलेल्या दंडासाठी त्यांनी मार खाल्लेल्या बावीस वर्षांच्या स्त्रीसच कोठडीत घातले. नवऱ्यासारख्या राहणाऱ्या पुरुषाने मोडलेल्या बरगडीतून विष अंगात भिनून ती पोलिसांच्या ताब्यात असतानाच दगावली. अशी गोष्ट ऐकलेली बाई मध्यरात्री कोणाचे दार ठोठावील?

2007 सालच्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. उत्तर प्रदेशात, म्हणजे तेथील नॉर्दर्न टेरिटरीत, मुलांवरील अत्याचारांविषयी रेक्स वाइल्ड व पॅट अँडरसन ह्यांचा अहवाल निघाला. लोकांशी मनापासून विचारविनिमय करूनच उपाय योजावे, ही त्यातील पहिलीच शिफारस. सरकारने मात्र लोकांस न विचारता 73 वस्त्यांवर आपला अंमल बसविला, सैनिक धाडले, आणि त्यासाठी वंशभेदाविरुद्धचा कायदाही बाजूस ठेविला. त्याच वर्षी पश्चिमेकडील फिट्झरॉय क्रॉसिंग येथे ज्यून ऑस्कर, एमिली कार्टर व त्यांच्या सोबतिणी एकत्र बसल्या, वडीलधाऱ्यांचा कौल घेतला, आणि सौम्य बियरखेरीज दारू घरी नेण्यास विकू नये, असा हुकूम अधिकाऱ्यांकडून मिळविला. गावात विरोध झाला, कित्येक दारूसाठी दुसऱ्या गावी जाऊ लागले; तरी जखमा घेऊन इस्पितळात येणाऱ्यांची संख्या घटली. दोन्हीकडे बंदीच होती. एकीकडे ती माथी मारलेली, दुसरीकडे घरच्यांनी मागितलेली.

येथेच वाडवडिलांच्या रीतीचे बळ दिसते. त्या लोकांत बहुतेक ठिकाणी आईच्या बहिणीसही आईच म्हणतात. म्हणजे मार खाणाऱ्या मुलीस पुष्कळ आया, आणि मारणाऱ्यासही पुष्कळ आया. युएंडुमू येथे वार्लपिरी स्त्रिया हातात काठी घेऊन रात्रीची गस्त घालू लागल्या. अटक करण्याचा त्यांस अधिकार नव्हता; पण आईच्या नात्याची बाई दारात येऊन उभी राहिली, तर झिंगलेल्या पुरुषासही मान खाली घालावी लागते. लाज मार खाणारीकडून काढून मारणाऱ्याच्या पदरी घालावयाची, हे काम परक्या शिपायास साधत नाही.

हेच नातेगोते उलटही फिरते. नवऱ्याकडील माणसे बाईस गप्प बसवितात, तक्रार मागे घे म्हणतात. म्हणून 'रीत' हा शब्द ऐकताच हात जोडणे आम्हांस मान्य नाही. रीतीचे नाव घेऊन कोण बोलतो आहे, मारणारा की मार खाणारी, हे आधी पुसावे.

मध्य वाळवंटातील एन.पी.वाय. स्त्रीमंडळाने ही गाठ बरीच सोडविली आहे असे आम्हांस वाटते. 1980 साली स्थापन झालेल्या ह्या मंडळाने 1994 पासून मारहाणीविरुद्ध काम चालविले आहे. मंडळाच्या बाया पीडितेस सुरक्षित जागी नेतात, कोर्टातही तिच्याबरोबर उभ्या राहतात. तिकडे वडीलधारी मंडळी डॉक्टरांबरोबर बसून राग, भय, दुःख ह्यांस आपल्या भाषेत कोणते शब्द आहेत ते शोधतात, कारण ज्या तरुणास रागाचे नाव ठाऊक नाही त्याचा हातच आधी उठतो. आधी बाईचा जीव, मग पुरुषाची समजूत, हा क्रम त्यांनी सोडलेला नाही. त्यांचा मुलूख साडेतीन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे सगळ्या महाराष्ट्राहून मोठा. वस्त्या विरळ, पोलीस ठाणे कित्येकदा तासन्‌तास दूर. मदत येईपर्यंत त्या रात्री बाईजवळ असते ती तिची मावशी, जिला ती आई म्हणते.